सिंहगडाच्या मापाने श्रीलंका

नकाशावर कँडी ते नुवरा एलिया हे अंतर सुमारे 77 किलोमीटर दिसते. पुण्याचा कुठलाही रविवारचा सायकलवाला म्हणेल, ‘एवढेच? दुपारच्या जेवणाला पोचू.’ मीही तसेच म्हणालो होतो. दुपारच्या जेवणाला मी रंबोडाच्या अलीकडे एका टपरीच्या बाकावर आडवा पडलो होतो आणि सायकल समोरच्या फणसाला टेकलेली होती.

श्रीलंकेच्या डोंगराळ मुलखात किलोमीटर मोजून बेत आखू नये, उंचीचे मीटर मोजून आखावा. त्यासाठी माझे एक घरगुती माप आहे. गोळेवाडीच्या नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत सिंहगडाचा घाट चढला की अंदाजे सहाशे मीटर उंची चढून होते. हा झाला ‘एक सिंहगड’. कँडी आहे साधारण 500 मीटरवर आणि नुवरा एलिया 1868 मीटरवर. म्हणजे सव्वादोन सिंहगड, तेही कॅरिअरवर दहा-बारा किलो सामान लादून, दमट हवेत. मधले उतार आणि ते उतरल्यावर पुन्हा चढायचे चढ यात धरलेलेच नाहीत. सामानासह साधारण सायकलस्वार तासाला तीनशे मीटर उंची चढतो. त्याहून जास्त चढत असाल तर आनंदच आहे, पण बेत आखताना तीनशेच धरा. दिवसाला दीड सिंहगडापेक्षा जास्त चढ ठेवू नका. उरलेला वेळ धबधब्यापाशी बसायला लागतोच.

धबधब्यांचे आणि चढांचे इथे साटेलोटे आहे. पाणी जिथून कोसळते तिथे डोंगराचा कडा असतो आणि रस्त्याला तो कडा चढावाच लागतो. त्यामुळे नकाशावर धबधब्यांची नावे शोधली की चढ कुठे आहेत ते आपोआप कळते. सिंहलीत ‘एल्ल’ म्हणजे धबधबा, ‘ओया’ म्हणजे ओढा, ‘कंद’ म्हणजे डोंगर, ‘गल’ म्हणजे दगड, कातळ. एवढे चार शब्द पाठ असले की पाट्या वाचतानाच पायांना सूचना मिळते. पाटीवर ‘कंद’ दिसला की पाण्याची बाटली भरून घ्यावी.

आता वाट सांगतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी कँडी, पुसेल्लावा, नुवरा एलिया, वेलिमडा, हपुतले, वेल्लवाया, एल्ला, बदुल्ला अशी वाट सुचवेन. सायकल चालवायचे सात दिवस आणि रिकामे दोन. कोलंबोपासून सायकल चालवत येण्याचा मोह टाळा. सपाटीवरच्या त्या रस्त्यावर बस आणि ट्रक यांच्याखेरीज फारसे काही बघायला मिळत नाही. कँडीपर्यंत गाडीने या आणि तिथून सुरुवात करा.

पहिल्या दिवशी पुसेल्लावापर्यंतच जावे. गंपोला मागे पडले की रस्ता चहाच्या मळ्यांत शिरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून रंबोडा गाठायचे. इथला धबधबा 109 मीटरचा आहे आणि रस्त्यावरूनच दिसतो. रंबोडापासून नुवरा एलियापर्यंतचे वीसेक किलोमीटर म्हणजे वळणामागून वळण, नुसता चढ. उंचीचा फरक सुमारे नऊशे मीटर, म्हणजे दीड सिंहगड. चढ अंगावर येणारा नाही, पण संपतही नाही. मधे लबुकेलेचा चहाचा कारखाना लागतो. तिथे थांबून चहा घ्यावा, घाम वाळू द्यावा आणि अंगावर एक कोरडा कपडा चढवावा. वर थंडी असते आणि घामट बनियनवर ती बाधते. नुवरा एलियाला कानटोपी लागेल असे कुणी सांगितले तर आपण हसतो, पण रात्री ती लागते.

तिसरा दिवस सुखाचा. सीता एलियाचे सीतेचे मंदिर, हक्गलाची बाग (1861 साली ही सिंकोनाच्या लागवडीसाठी सुरू झाली, हिवतापावरच्या क्विनीनसाठी) आणि मग वेलिमडापर्यंत उतार. इथे देखावाच पालटतो. चहा मागे पडतो आणि डोंगरउतारावर भाजीचे वाफे सुरू होतात. रस्त्याच्या कडेला गाजर, मुळा, लीक यांचे भारे रचलेले दिसतात. चौथ्या दिवशी बांदारवेलावरून हपुतले. हपुतले हे गाव डोंगराच्या धारेवर बसले आहे. बाजारपेठेच्या टोकाला उभे राहिले की समोर जमीनच संपते आणि खाली दक्षिणेची सपाटी पसरलेली दिसते.

पाचव्या दिवशी सामान लॉजवर ठेवा आणि रिकामी सायकल घेऊन दंबतेनेच्या कारखान्यावरून लिप्टनच्या बैठकीपर्यंत जा. थॉमस लिप्टन 1890 साली सिलोनमध्ये आला आणि त्याने इथले मळे विकत घेतले. आपला कारभार पाहायला तो या टेकाडावर बसत असे, असे सांगतात. उंची सुमारे 1970 मीटर. कारखान्यापासून सात किलोमीटर अरुंद वाट मळ्यातून चढत जाते. सकाळी सातच्या आत वर पोचलात तर समुद्राच्या दिशेने दूरवर नजर जाते. दहानंतर पोचलात तर ढगात उभे राहून चहा प्यायचा. चहा मात्र दोन्ही वेळी तितकाच चांगला लागतो.

सहाव्या दिवसाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवे, कारण या दिवशी पायांपेक्षा हातांची परीक्षा असते. हपुतलेहून बेरगला आणि तिथून कोस्लंदावरून वेल्लवाया, सुमारे 40 किलोमीटरांत बाराशे मीटरचा उतार. सगळ्यांना वाटते, आज आराम. माझ्यासोबतच्या एकाने ब्रेक सलग दाबून धरत पहिले सहा किलोमीटर उतरले आणि फाट्यावर थांबलो तेव्हा जळक्या रबराचा वास येत होता. रिमला बोट लावले आणि चटकन मागे घेतले. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकच्या सायकलीत रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते, आणि ती फुटण्याची वेळ नेमकी वळणावर येते. डिस्क ब्रेकही तापून मऊ पडतात. ब्रेक दाबून धरायचा नाही. वळण येण्याआधी दोन्ही जोरात दाबायचे, वेग उतरवायचा आणि सोडून द्यायचे. दर दोन-तीन किलोमीटरला थांबायचे, फोटोच्या निमित्ताने थांबलात तरी चालेल. पावसात ब्रेकचे पॅड साबणासारखे झिजतात. पॅडची एक जादा जोडी सामानात हवीच. ती नेमक्या तुमच्या ब्रेकची हवी, कारण कोस्लंदाच्या दुकानात ती मिळणार नाही.

याच उतारावर दियालुमा धबधबा लागतो. 220 मीटर उंच, देशातला दुसऱ्या क्रमांकाचा. पहिला बंबरकंद, 263 मीटर. तो बेरगलाहून उलट्या दिशेला, पश्चिमेकडे आहे. हल्दुमुल्लाच्या पुढे कलुपहनाच्या फाट्यावरून आत जावे लागते. ‘बंबर’ म्हणजे मोठी मधमाशी, आपला भ्रमरच तो. वाट वाकडी करायला एक दिवस लागेल. वेळ असेल तर जा, नसेल तर हळहळू नका. दियालुमा रस्त्यावरून अख्खा दिसतो आणि त्याच्या माथ्यावर खडकांत डोहही आहेत. डोहांकडे जाताना गावातला माणूस सोबत घ्या. वाट चुकणे हा छोटा धोका आहे. मोठा धोका शेवाळलेल्या खडकाचा आणि वरच्या अंगाला पडलेल्या पावसाचा आहे. तुमच्या डोक्यावर ऊन असते आणि डोंगरामागे पाऊस कोसळत असतो. ओढ्याचे पाणी गढूळ झाले, त्यात पाने-काटक्या वाहत आल्या, आवाज बदलला, की चपला हातात घेऊन आधी बाहेर पडायचे. तिथली पाटी सिंहलीत असेल तर कुणाला तरी विचारा. पुढे वाटेत लागणाऱ्या रावण धबधब्यावर लोकांनी कितीही सेल्फी काढल्या तरी त्यात उतरू नका. तिथे माणसे दगावली आहेत.

या उताराची दुसरी बाजू अशी की हे डोंगर सरकतात. 29 ऑक्टोबर 2014 रोजी कोस्लंदाजवळ मीरियबेद्द इथल्या मळ्यात दरड कोसळून कामगारांच्या घरांची रांग गाडली गेली. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस आलेल्या ‘दितवा’ चक्रीवादळात तर या सगळ्या मुलखात दरडी कोसळल्या, रस्ते आणि रेल्वेमार्ग तुटले. माळीण आणि तळीये पाहिलेल्या आपल्या लोकांना यापेक्षा जास्त सांगायला नको. निघण्याआधी आठवडाभर आणि तिथे रोज सकाळी लॉजवाल्याला पुढच्या घाटाची विचारपूस करायची. दोन दिवस सलग पाऊस पडला असेल तर त्या दिवशी घाटात जायचे नाही. बेतातले दोन रिकामे दिवस त्यासाठीच ठेवले आहेत.

मग जावे कधी? इथे पाऊस दोन दारांनी येतो. मे ते सप्टेंबरचा नैर्ऋत्य मोसमी पाऊस पश्चिमेचा उतार भिजवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळीकडेच दुपारी गडगडते आणि डिसेंबरपासून ईशान्येचा पाऊस पूर्वेच्या उवा प्रांतावर पडतो. धबधबे भरलेले हवेत आणि रस्ते कोरडे हवेत, असा दुहेरी हट्ट असेल तर जानेवारीची अखेर आणि फेब्रुवारी गाठा. तेव्हा रंबोडाच्या बाजूचा रस्ता कोरडा असतो आणि दियालुमा, रावण आणि बदुल्लाजवळचा दुन्हिंदा या धबधब्यांत नुकत्याच सरलेल्या पावसाचे पाणी असते. मार्च उजाडला की पाणी आटत जाते. एप्रिलच्या मध्यावर सिंहली-तमिळ नववर्ष येते. तेव्हा अर्धा कोलंबो नुवरा एलियाला लोटतो आणि खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात. दर पौर्णिमेला ‘पोया’ची सुट्टी असते, त्या दिवशी दारू मिळत नाही आणि गाड्यांना गर्दी असते. कोणत्याही महिन्यात गेलात तरी दुपारी दोनच्या आत मुक्कामी पोचा. दुपारनंतर धुके उतरते आणि वर्षभर सहा-साडेसहाला झपाट्याने अंधार पडतो. आपल्याकडे उन्हाळ्यात असते तशी लांबलेली संध्याकाळ इथे नाही.

सायकलीचे म्हणाल तर महागडी नको, गिअर हलके हवेत. पुढच्या सर्वांत लहान चक्राला जितके दात, तितके किंवा जास्त दात मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला असावेत. दुकानात दोन्ही मोजून बघा, दुकानदार हसला तरी. टायर 35 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद. विमानासाठी सायकल खोक्यात भरताना डावे पेडल उलट्या आट्याचे असते हे विसरू नका. मी पहिल्या वेळी ते सोडवायच्या नादात आणखी घट्ट करत बसलो आणि शेवटी अर्ध्या रात्री शेजारच्या दुचाकी मेकॅनिकला उठवावे लागले. टायरमधली हवा कमी करा, मागच्या डेरेलरला पुठ्ठ्याचे चिलखत करा आणि त्याचा हँगर जादा घ्या. तो बोटाएवढा अल्युमिनियमचा तुकडा वाकला तर सगळी सहल वाकते. विमानतळापासून जवळ नेगोंबो आहे. पहिली रात्र तिथे राहा आणि खोका लॉजवाल्याकडे ठेवून द्या, परतताना तोच लागणार आहे.

रस्त्यावर गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे सवय बदलावी लागत नाही. बसवाल्यांची मात्र वेगळी सवय करून घ्यावी लागते. खासगी बस एकमेकींशी शर्यत लावतात आणि घाटाच्या वळणावर ओव्हरटेक करतात. मागून लांबलचक हॉर्न आला की बाणा न दाखवता डांबर सोडून खाली उतरायचे. कपडे भडक रंगाचे, मागे लाल दिवा दिवसाही लावलेला. कुत्री भुंकत आली तर पळू नका. उतरा आणि सायकल मधे धरून चालू लागा, त्यांचा रस संपतो. पाय अगदीच बोलेनासे झाले तर तीनचाकीवाला सायकल टपाला बांधून मुक्कामी सोडतो. भाडे आधी ठरवा आणि लाज बाळगू नका. वेल्लवायाला पोचल्यावर बुत्तल-कतरगम रस्त्याला मात्र सायकल घालू नका. तो हत्तींचा रस्ता आहे आणि हत्ती गाड्या अडवतात.

आता गावांबद्दल. सिंहली ही आपल्या भाषेची लांबची बहीण आहे आणि सायकलवर हे नाते पदोपदी कामाला येते. गाव म्हणजे ‘गम’. उजवीकडे म्हणजे ‘दकुण’, डावीकडे म्हणजे ‘वम’. दक्षिण आणि वाम आठवले की रस्ता विचारता येतो. ‘हत’, ‘अट’, ‘दहय’ म्हणजे सात, आठ, दहा. सणाला करतात तो ‘किरिबत’, म्हणजे क्षीर आणि भात, नारळाच्या दुधात शिजवलेला. गूळ म्हणजे ‘हकुरु’, मूळ शब्द तोच, शर्करा. आणि पावाला म्हणतात ‘पान’. तो पोर्तुगीजांकडून आला, आपल्या पावासारखाच. हा पान विकणारी तीनचाकी सकाळ-संध्याकाळ बेथोवेनची एक धून वाजवत गल्लोगल्ली फिरते. चढावर धापा टाकताना मागून ती धून ऐकू आली की समजावे, गाव जवळ आले.

रंबोडाच्या अलीकडच्या त्या टपरीत मी आडवा पडलो होतो तेव्हा तिथल्या आज्जींनी काही न विचारता काळा चहा पुढे ठेवला, बिनसाखरेचा. मग माझा तळवा धरला आणि त्यावर काळपट गुळाचा एक खडा ठेवला. खडा दातांत धरायचा आणि वरून चहा प्यायचा, हे त्यांनी स्वतः करून दाखवले. तो ‘कितुल’चा गूळ. कितुल म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड. चव धुरकट, उसाच्या गुळाहून गडद. त्या दिवसापासून खिशात एनर्जी जेलऐवजी हकुरुची पुडी ठेवली. दुपारी केशरी शहाळे प्या, त्याला ‘तंबिली’ म्हणतात, आणि वर चिमूटभर मीठ खा. मळ्यातल्या ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी पिऊ नका, वर खते आणि फवारण्या चालू असतात.

‘हॉटेल’ अशी पाटी दिसली तर तिथे खोली मिळेलच असे नाही. आपल्यासारखेच तिथेही हॉटेल म्हणजे खायची जागा. भात, डाळ, तीन भाज्या, पापड असे ताट स्वस्तात मिळते. शाकाहारी माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. ओल्या नारळाच्या चटणीत, म्हणजे पोल सांबोलात, वाळवलेल्या माशाचा चुरा असतो. त्याला ‘उंबलकड’ म्हणतात आणि तो दिसत नाही. ‘मस् मालु एपा’ म्हणजे मांस-मासे नकोत. हे म्हणूनही उंबलकडाचे वेगळे विचारा. मळ्यांच्या गावांत तमिळ ‘शैव’ खानावळी असतात, तिथे निर्धास्त जेवा.

या मळ्यांच्या गावांत सिंहलीपेक्षा तमिळ जास्त ऐकू येते. तिथे नमस्काराला सिंहली ‘आयुबोवन’ऐवजी ‘वणक्कम’ म्हणा. यांचे पूर्वज इंग्रजांच्या काळात तमिळ मुलखातून आणले गेले, आधी कॉफीसाठी. 1869 पासून कॉफीवर तांबेरा पडला, मळे बुडाले आणि मग चहा आला. त्याआधी दोनच वर्षे, 1867 मध्ये, जेम्स टेलरने कँडीजवळ लूलकंदेरा इथे चहाची लागवड सुरू केली होती. आजही अनेक कुटुंबे त्याच जुन्या चाळीवजा ‘लाइन’च्या खोल्यांत राहतात. पानं खुडणाऱ्या बायकांचा फोटो काढण्याआधी विचारा. त्यांची मजुरी दिवसाच्या वजनाशी बांधलेली असते, तुमच्यासाठी थांबलेला वेळ त्यांच्या टोपलीतून जातो. काही जणी पैसे मागतात. द्यायचे नसतील तर फोटो काढू नका, पण कुरकुर करू नका.

देवळात शिरताना चपला-टोपी काढायची, गुडघे आणि खांदे झाकायचे. सायकलची आखूड चड्डी चालत नाही. एक लुंगी सोबत ठेवा, ती टॉवेल, पडदा आणि पांघरूणही होते. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे तिथे अपमान समजतात. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी आणि लांब मोजे पुरतात. जळू चिकटलीच तर ओढून काढू नका, नखाने कडेने सरकवा. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते सरकारी संकेतस्थळावरच बघा. प्रवासविमा काढा आणि सुटे पैसे बाळगा.

सातव्या दिवशी वेल्लवाया ते एल्ला. पुन्हा दीड सिंहगड, पण या वेळी पाय तयार झालेले असतात. पहाटे साडेपाचला निघालात तर रावण धबधब्यापाशी गर्दीच्या आधी पोचता. एल्लाला पर्यटकांची झुंबड आहे, मला ते गाव फारसे रुचले नाही. नऊ कमानींचा पूल बघून घ्या आणि दुसऱ्या दिवशी देमोदरावरून वीसेक किलोमीटरवरच्या बदुल्लाला उतरा. तो टप्पा इतका हलका आहे की मी त्याला सायकलचा दिवस धरतच नाही. तिथून जवळच दुन्हिंदा आहे, 64 मीटरचा. शेवटचा दीडेक किलोमीटर पायवाट आहे, त्यामुळे सायकल फाट्यावरच्या दुकानात ठेवावी लागते. ‘दुन’ म्हणजे धूर, धुके. पायथ्याशी उभे राहिले की तुषारांनी चष्मा भरतो आणि धबधबा दिसेनासा होतो.

बदुल्ला हे डोंगरी रेल्वेचे शेवटचे स्टेशन आहे. आदल्या दिवशीच पार्सल ऑफिसात जाऊन गाड्या कुठवर चालू आहेत आणि सायकल कोणत्या गाडीच्या डब्यात घेतील ते विचारा, सगळ्या गाड्या घेत नाहीत. पेडलं काढून खिशात ठेवा, पावती जपा आणि डाव्या बाजूची खिडकी मिळते का बघा.